एक इंच खाली: गाडीच्या पुढच्या चाकांचा कोन आणि संशोधनातला ‘आकडा’

पीएचडीच्या तयारीत असलेले बरेच जण एक प्रश्न हमखास विचारतात, ‘डेटा आहे, आकडे आहेत, पण त्यातून प्रश्न कसा काढायचा?’ यावर नुसता उपदेश करण्यापेक्षा एक गोष्ट सांगतो. मी भौतिकशास्त्रात एमएस्सी केलं आणि आता तंत्रज्ञानाच्या इतिहासावर काम करतोय, त्यामुळे गोष्ट यंत्राची आहे. गाडीचं पुढचं सस्पेन्शन बदलून चाकांचा कोन जुळवायचा, एवढाच विषय. पण या छोट्या विषयात मोजमाप, श्रेय, तडजोड आणि खर्च हे सगळे प्रश्न एकत्र भेटतात.

अलाइनमेंटच्या दुकानातून बाहेर पडताना हातात एक कागद मिळतो. त्यावर प्रामुख्याने तीन गोष्टी असतात. समोरून पाहिलं तर चाक उभ्या रेषेपासून किती कललंय, तो कॅम्बर. चाकाचा वरचा भाग बाहेर झुकला असेल तर धन कॅम्बर, आत झुकला असेल तर ऋण. वरून पाहिलं तर दोन्ही चाकं पुढे किती जवळ आलीत किंवा लांब गेलीत, तो टो. बाजूने पाहिलं तर चाक ज्या आसाभोवती वळतं तो आस किती मागे झुकलाय, तो कॅस्टर. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो, तसंच काहीसं.

आता दोन गाड्या घ्या. दोघींच्या कागदावर अगदी सारखे आकडे. तरीही जोरात वळण घेताना एक रस्ता धरून ठेवते आणि दुसरी बाहेर सरकते. हे शक्य आहे का? शक्य आहे, आणि १९६५ साली अमेरिकेत असं मुद्दाम घडवलं गेलं. फरक होता एका इंचाचा. तो इंच समजून घ्यायला आपल्याला आधी दोनशे वर्षं मागे जावं लागेल.

बग्गीचा प्रश्न

बैलगाडीला दोनच चाकं असतात, त्यामुळे वळताना पुढच्या-मागच्या चाकांचा मेळ घालण्याचा प्रश्नच येत नाही. चारचाकी बग्गीला तो येतो. जुन्या बग्ग्यांमध्ये अख्खा पुढचा आस मधल्या एका खिळ्याभोवती फिरायचा. वळण जास्त घेतलं की आतलं चाक गाडीच्या पोटाखाली जायचं, बग्गीचा आधार अरुंद व्हायचा आणि ती कलंडायची.

इंग्लंडमधल्या लिचफील्ड गावचा डॉक्टर इरॅस्मस डार्विन, म्हणजे चार्ल्स डार्विनचे आजोबा, रुग्ण तपासायला बग्गीतून सतत फिरायचा. त्याने १७५८-५९ च्या सुमारास वेगळी रचना केली. आस जागेवरच ठेवायचा आणि दोन्ही टोकांची चाकं आपापल्या खिळ्याभोवती वळवायची. आतलं चाक लहान वर्तुळावर जातं म्हणून त्याला जास्त वळवायचं, बाहेरच्याला कमी. त्याने याचं पेटंट घेतलं नाही. पुढे १७६८ मध्ये स्वतःच तयार केलेल्या एका बग्गीतून पडून त्याच्या गुडघ्याची वाटी फुटली.

साधारण साठ वर्षांनी म्यूनिकचा बग्गी बनवणारा गेऑर्ग लांकेन्सपेर्गर याने हीच कल्पना पुन्हा प्रत्यक्षात आणली. त्याचा लंडनमधला प्रतिनिधी रुडॉल्फ आकरमान. आकरमानचा मुख्य व्यवसाय चित्रं आणि पुस्तकं छापून विकण्याचा. १८१८ मध्ये इंग्लंडमधलं पेटंट त्याच्या नावावर झालं, आणि आज जगभरातली इंजिनिअरिंगची मुलं ‘आकरमान स्टिअरिंग’ शिकतात. वळवणाऱ्या भुजा थोड्या तिरक्या ठेवून आतलं चाक आपोआप जास्त वळेल अशी जी आकृती पाठ्यपुस्तकात असते, ती तर १८७८ ची, फ्रान्सच्या शार्ल जांतोची.

म्हणजे कल्पना डार्विनची, बग्गी लांकेन्सपेर्गरची, आकृती जांतोची आणि नाव आकरमानचं. संशोधनाला सुरुवात करणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. एखाद्या गोष्टीला लागलेलं नाव हा तिच्या जन्माचा पुरावा नसतो. बऱ्याच वेळा तो फक्त पेटंट कोणी भरलं किंवा माल कोणी विकला याचा पुरावा असतो.

थरथर कुठून आली?

मोटारी आल्या तेव्हा पुढचा आस म्हणजे सरळ एक लोखंडी दांडा आणि दोन्ही टोकांना वळणारी चाकं अशीच रचना होती. कमी वेगाला ती उत्तम चालायची. चाकांचे कोन दांडा घडवतानाच ठरलेले असायचे, टो तेवढा टाय रॉड कमी-जास्त करून जुळवायचा.

१९२० च्या दशकात दोन चांगल्या सुधारणा आल्या. पुढच्या चाकांना ब्रेक लागले आणि कमी हवेचे, फुगीर ‘बलून’ टायर आले. त्यांच्याबरोबर एक त्रासही वाढला. ठरावीक वेगाला पुढची चाकं डावी-उजवीकडे जोरजोरात थडथडायची आणि स्टिअरिंग हातातून सुटेल असं वाटायचं. याला इंग्रजीत शिमी म्हणतात.

कारण भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला ओळखीचं आहे. फिरणारं चाक म्हणजे जायरोस्कोप. एका बाजूचं चाक उंचवट्यावर चढलं की अख्खा दांडा तिरका होतो, म्हणजे दोन्ही फिरती चाकं कलतात. जायरोस्कोपला एका दिशेने कलवलं की तो काटकोनातल्या दुसऱ्या दिशेने वळू पाहतो. इथे ते वळणं म्हणजे स्टिअरिंग. मग वळणं आणि कलणं एकमेकांना खतपाणी घालतात. टायर मऊ आणि चाकाचा भाग जड असला की हे चक्र लवकर सुरू होतं.

या गोंधळात मॉरिस ऑली नावाचा ब्रिटिश अभियंता शिरला. आधी तो रोल्स-रॉइसमध्ये होता, अमेरिकेतल्या त्यांच्या कारखान्यातही त्याने काम केलं होतं. १९३० मध्ये तो जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक विभागात आला. त्याला सोडवायचा होता तो प्रश्न अलाइनमेंटचा नव्हताच. प्रश्न होता, गाडीत बसणाऱ्याला धक्के कमी कसे बसतील?

त्यासाठी १९३२ मध्ये त्याच्या गटाने एक लांबलचक लिमोझिन घेतली आणि तिच्या पुढे-मागे सरकवता येतील अशी वजनं टांगली. वजनं सरकवली की गाडीचं डुलण्याचं जडत्व बदलतं. स्प्रिंगाही बदलता येत होत्या. आराम मोजणारं उपकरण त्यांच्याकडे नव्हतं. माणसं गाडीत बसायची, रस्त्यावर फिरायची आणि कोणत्या मांडणीत गाडी सर्वांत सपाट चालते ते सांगायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम नोंदवायचा, ही शिस्त मात्र पक्की होती.

निष्कर्ष निघाला की पुढच्या स्प्रिंगा पूर्वीपेक्षा बऱ्याच मऊ हव्यात. पण मऊ स्प्रिंगांवर तो सरळ दांडा बसवला की थरथर आणि स्टिअरिंगची ओढाताण एवढी वाढायची की गाडी चालवणं अवघड. म्हणून दांडाच काढून टाकायचा आणि प्रत्येक चाक स्वतंत्र लटकवायचं असं ठरलं. १९३४ च्या मॉडेल्समध्ये जनरल मोटर्सने हे ‘नी-ॲक्शन’ नावाने विकायला काढलं. शेव्हरोले आणि पाँटिअॅकमध्ये फ्रान्सच्या आंद्रे द्यूबोनेची रचना, तर कॅडिलॅक, ब्यूक आणि ओल्ड्समोबीलमध्ये वर-खाली दोन आर्म असलेली रचना. दुसरी टिकली. स्वतंत्र सस्पेन्शन जगात त्याआधीही होतं, १९२२ च्या लान्चिया लॅम्ब्डात होतं, मर्सिडीजनेही १९३३ मध्ये दोन आर्मांची रचना आणली होती. पण ‘हे का हवं’ याचं कारण ऑलीने साखळीसारखं उलगडून दाखवलं, हे त्याचं मोठं काम.

एक समांतर चौकोन आणि त्याची तडजोड

आता वर-खाली दोन आर्म कसे ठेवायचे? दोन्ही समान लांबीचे आणि समांतर ठेवले तर चाक वर-खाली होताना कलत नाही. जायरोस्कोपचा त्रास संपला. पण दोन अडचणी येतात. एक म्हणजे चाक वर जाताना आत ओढलं जातं आणि टायर रस्त्यावर आडवा घासतो. दुसरी अडचण वळणावर येते. गाडीचं अंग बाहेरच्या बाजूला झुकतं आणि त्याबरोबर चाकही तेवढंच झुकतं. ज्या बाहेरच्या चाकावर सगळा भार असतो, तेच बाहेर कलून टायरच्या कडेवर उभं राहतं.

उपाय म्हणजे वरचा आर्म आखूड आणि खालचा लांब. चाक वर गेलं की वरचं टोक खालच्यापेक्षा जास्त आत ओढलं जातं, म्हणजे ऋण कॅम्बर वाढतो. अंगाच्या झुकण्याची थोडी भरपाई होते आणि टायरचं आडवं घासणंही कमी होतं.

मग भरपाई पूर्णच का करू नये? कारण चाक जेवढं जास्त कलवाल तेवढा सरळ रस्त्यावर, प्रत्येक खड्ड्याला, जायरोस्कोप पुन्हा जागा होतो. वळणावर हवा असलेला गुण सरळ रस्त्यावर दोष ठरतो. त्यामुळे रोजच्या वापराच्या गाडीत डिझाइन करणारे कॅम्बरचा बदल बेताचाच ठेवायचे. ही तडजोड आहे, आणि तडजोड कोणासाठी केली यावर ती बरोबर की चूक हे ठरतं.

१९६५: एक इंच

फोर्डने १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात मस्टँग लोकांसमोर आणली. दिसायला झकास, पण खालचे बरेचसे भाग फाल्कन या साध्या कौटुंबिक गाडीतून आलेले. पुढे आखूड-लांब आर्मांचं सस्पेन्शन, आणि स्प्रिंग वरच्या आर्मावर उभी.

फोर्डला मस्टँग शर्यतीत उतरवायची होती. अमेरिकेतल्या एससीसीए या संस्थेच्या ‘बी-प्रॉडक्शन’ गटात उतरायला अशा किमान १०० गाड्या बनवलेल्या असणं गरजेचं होतं. हे काम कॅलिफोर्नियातल्या कॅरोल शेल्बीच्या कंपनीला मिळालं. फोर्डच्या सॅन होजे कारखान्यातून गाड्या अर्धवट सज्ज होऊन यायच्या आणि शेल्बीकडे त्यांची जीटी३५० व्हायची.

तिच्या पुढच्या सस्पेन्शनमधला सर्वांत महत्त्वाचा बदल अगदी साधा होता. वरचा आर्म बॉडीच्या ज्या टॉवरला बोल्टने बसतो, तिथे जुन्या भोकांच्या एक इंच खाली नवी भोकं पाडायची आणि आर्म तिथे बसवायचा. ना नवा आर्म, ना नवी स्प्रिंग. याखेरीज जाड स्टॅबिलायझर बार, चांगले शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि लवकर वळणारं स्टिअरिंग मिळावं म्हणून लांब भुजा, हे बदल होतेच.

एका इंचाने काय होतं ते स्वतः करून बघा. सोपे आकडे घेऊ, हे मस्टँगचे नाहीत, फक्त समजण्यासाठी आहेत. वरचा आर्म २० सेंमी, खालचा ४० सेंमी, दोन्ही आडवे, बाहेरच्या टोकांमधलं उभं अंतर २५ सेंमी. दोन चाकांमधलं अंतर १४० सेंमी. वळणावर अंग ४ अंश झुकलं तर बाहेरचं चाक अंगाच्या तुलनेत सुमारे ५ सेंमी वर जातं.

आता पायथागोरस. ५ सेंमी वर गेल्यावर वरच्या आर्माचं टोक ०.६४ सेंमी आत येतं, खालच्याचं ०.३१ सेंमी. फरक साधारण ०.३२ सेंमी. तो २५ ने भागला की कोन मिळतो, सुमारे ०.७ अंश ऋण. अंग ४ अंश बाहेर झुकलेलं, भरपाई ०.७ ची. म्हणजे चाक रस्त्याशी अजूनही ३.३ अंश बाहेर कललेलंच आहे.

आता वरच्या आर्माचा आतला सांधा २.५ सेंमी खाली घ्या. आर्म आता बाहेरच्या बाजूला चढता झाला. चाक तेवढंच ५ सेंमी वर गेलं, तर वरचं टोक ०.६४ ऐवजी १.३० सेंमी आत येतं. खालच्याचं तेवढंच. फरक ०.९९ सेंमी, कोन जवळजवळ २.३ अंश ऋण. चाक रस्त्याशी आता फक्त १.७ अंश कललेलं राहतं. चुकीचा कल जवळपास निम्मा झाला, आणि त्यासाठी लागली फक्त काही भोकं. शिवाय या बदलाने गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती झुकते तो रोल सेंटर वर सरकतो, त्यामुळे मुळात झुकणंही कमी होतं.

फार हाव धरली तर? फार खाली नेलं की वरच्या बॉल जॉइंटला फिरायला कोन पुरत नाही, आणि खड्ड्यांवर कॅम्बरची उलथापालथ वाढते. म्हणजे तडजोड संपली नाही, फक्त तिची जागा बदलली. शर्यतीच्या गाडीसाठी ती जागा योग्य होती. जीटी३५० ने १९६५, १९६६ आणि १९६७ अशी सलग तीन वर्षं बी-प्रॉडक्शनचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं.

या बदलाला आजही लोक ‘शेल्बी ड्रॉप’ म्हणतात. पण ही भूमिती मांडली होती फोर्डच्या क्लाउस आर्निंग या सस्पेन्शन अभियंत्याने. फोर्डमध्ये त्या काळी सस्पेन्शनची भूमिती कॉम्प्युटरवर तपासायला सुरुवात झाली होती आणि आर्निंग त्या कामात पुढे होता. म्हणजे आकरमानचीच गोष्ट पुन्हा. जाणकार आता ‘आर्निंग ड्रॉप’ असंही म्हणू लागलेत, तेवढंच समाधान.

कागदावर न दिसणारा बदल

आता सुरुवातीच्या कोड्याकडे येऊ. वरचा सांधा खाली घेतल्यावर आपल्या उदाहरणात आर्माचं बाहेरचं टोक १.६ मिमी आत ओढलं जातं. गाडी उभी असतानाच कॅम्बर सुमारे ०.४ अंशाने ऋण होतो. अलाइनमेंट करणारा काय करेल? १९६५-६६ च्या मस्टँगमध्ये वरच्या आर्माचा शाफ्ट आणि टॉवर यांच्यामध्ये पत्र्याच्या पातळ चकत्या असायच्या, त्यांना शिम म्हणतात. त्या घालून-काढून कॅम्बर जुळवता यायचा, पुढच्या आणि मागच्या बोल्टला वेगवेगळ्या दिल्या की कॅस्टरही. तर तो मिस्त्री शिम लावून कॅम्बर पुन्हा पहिल्या जागी आणेल.

झालं. आता भोकं बदललेली गाडी आणि न बदललेली गाडी, दोघींच्या कागदावर एकच आकडा. पण वळणावर एकीचं चाक ०.७ अंश सावरतं, दुसरीचं २.३. मशीन खोटं बोलत नाही. मशीन गाडी उभी असताना मोजतं, आणि आपला प्रश्न गाडी झुकल्यावर काय होतं हा आहे. शिम आकडा बदलते, भोकं वक्ररेषा बदलतात. आकडा म्हणजे त्या वक्ररेषेवरचा एक बिंदू. एका बिंदूतून अनंत वक्ररेषा जातात, हे आपण अकरावीतच शिकलेलो असतो.

माझ्या मते संशोधनाच्या तयारीतल्या प्रत्येकाने हे स्वतःच्या विषयात शोधावं. सर्व्हेतला सरासरी गुण, नमुन्याचा एका तापमानाचा रोध, एका वर्षाची जनगणना, हे सगळे बिंदू आहेत. दोन गोष्टी त्या बिंदूवर सारख्या दिसल्या म्हणून त्या सारख्या ठरत नाहीत. ‘भार आल्यावर काय होतं?’ असं विचारलं की बऱ्याचदा खरा प्रश्न हाती लागतो.

खर्च आणि जीव

या एका इंचाचा शेवट काय झाला? १९६६ च्या सुरुवातीच्या काही गाड्यांनंतर जीटी३५० मधून तो बदल काढून टाकला. कारण खर्च. प्रत्येक गाडीचं पुढचं अंग उघडून भोकं पाडायला माणूस आणि वेळ लागतो, आणि गिऱ्हाइकाला ते डोळ्यांना दिसत नाही. रंगाचे पट्टे दिसतात, भोकं दिसत नाहीत.

शर्यतीच्या गाडीत हे चालून जातं. पण त्याच दशकात चाकाच्या कलण्याचा प्रश्न सामान्य माणसाच्या दारातही आला होता. शेव्हरोलेची १९६० ची कॉर्व्हेअर ही मागे इंजिन असलेली गाडी. इथे प्रश्न पुढच्या नाही, मागच्या सस्पेन्शनचा होता. तिच्या मागच्या चाकांचे आस आतल्या सांध्याभोवती झुलायचे. जोरात वळताना मागचं अंग उचललं गेलं की बाहेरचं चाक आत दुमडल्यासारखं व्हायचं. पुढे स्टॅबिलायझर बार दिला तर हे कमी होतं, पण सुरुवातीला तो सर्व गाड्यांत दिलेला नव्हता. १९६४ मध्ये तो आला, मागे एक आडवी पाटा स्प्रिंगही आली, आणि १९६५ मध्ये मागचं सस्पेन्शनच बदललं. त्याच वर्षी राल्फ नेडरचं ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ प्रसिद्ध झालं, त्याचं पहिलं प्रकरण याच गाडीवर आहे. पुढे १९७२ मध्ये अमेरिकन सरकारच्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेने चाचण्यांनंतर सांगितलं की कॉर्व्हेअर त्या काळच्या तशाच इतर गाड्यांपेक्षा वाईट नव्हती.

हा निष्कर्ष नीट वाचा. ‘इतरांपेक्षा वाईट नव्हती’ आणि ‘सुरक्षित होती’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. तुलना कोणाशी केली यावर उत्तर ठरतं. तुमच्या शोधनिबंधातही कंट्रोल गट कोणता निवडला, यावरच निम्मं उत्तर ठरलेलं असतं.

आपल्या गल्लीतलं अलाइनमेंट

जीटी३५० सारखी दोन आर्मांची रचना आज आपल्या रस्त्यांवरच्या छोट्या गाड्यांत सहसा दिसत नाही. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० पासून इथे मॅकफर्सन स्ट्रट रुळला. अर्ल मॅकफर्सन आधी जनरल मोटर्समध्ये होता, मग फोर्डमध्ये गेला आणि १९५० च्या आसपास त्याची रचना फोर्डच्या युरोपातल्या गाड्यांत आली. इथेही फिआटच्या ग्विदो फोर्नाकाने १९२० च्या दशकात तशाच कल्पनेचं पेटंट घेतलेलं होतं. नाव मात्र मॅकफर्सनचंच राहिलं. तीन वेळा झालं, आता नवल वाटायला नको.

स्ट्रटमध्ये वरचा आर्मच नसतो. शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा दांडाच वर बॉडीला बसतो. भाग कमी, जागा कमी, खर्च कमी. पण त्यामुळे वरचा सांधा एक इंच खाली घेण्याची सोयही गेली. अशा बऱ्याच गाड्यांत कारखान्याने जुळवायला ठेवलेला असतो तो फक्त टो. कॅम्बर बिघडला तर स्ट्रट आणि चाकाचा नकल जोडणारा बोल्ट बदलून त्या जागी विक्षिप्त, म्हणजे मध्य सरकलेला बोल्ट घालतात, किंवा भोक लांबट करतात. काही ठिकाणी तर जॅक लावून स्ट्रटच वाकवतात आणि त्याला ‘कॅम्बर काढला’ म्हणतात. कागदावरचा आकडा हिरवा होतो. पण मुळात आकडा का बिघडला? बुश झिजलाय, आर्म वाकलाय की टॉवरच सरकलाय? वाकवण्याने यातलं काहीच कळत नाही. डेटाला हव्या त्या आकड्यावर आणणं आणि कारण शोधणं यातला फरक याहून स्वच्छ कुठे दिसेल असं मला वाटत नाही.

तर मग, प्रश्न कसा काढायचा?

या इतिहासातून मी स्वतःच्या कामासाठी घेतलेल्या चार सवयी सांगतो.

पहिली, नावामागे जा. आकरमान, शेल्बी, मॅकफर्सन, प्रत्येक नावामागे एक दुसरा माणूस सापडला. पेटंटची तारीख, कारखान्याची नोंद आणि लोकांच्या तोंडचं नाव या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगळ्या रकान्यात लिहा.

दुसरी, आकडा कोणत्या अवस्थेत मोजला ते विचारा. उभ्या गाडीचा आकडा चालत्या गाडीबद्दल किती सांगतो, हा प्रश्न प्रत्येक विषयात या ना त्या रूपात असतोच.

तिसरी, उपायाबरोबर आलेला नवा त्रास शोधा. बलून टायरने थरथर वाढवली, मऊ स्प्रिंगने दांडा घालवला, आखूड आर्मने कॅम्बरचा बदल आणला. बहुतेक चांगले प्रबंध कोणाच्या तरी उपायातून जन्मलेल्या त्रासावर उभे असतात. ऑली तर निघाला होता आराम शोधायला आणि पोचला स्टिअरिंगपाशी. त्याने वाट बदलली, कारण मोजमापाने त्याला तिकडे नेलं.

चौथी, छोट्या बदलाला कमी लेखू नका. मोठा निधी, नवं उपकरण, परदेशी प्रयोगशाळा नसेल तर संशोधन कसं करायचं असं अनेकांना वाटतं. ते वाटणं खोटं नाही, अडचणी खऱ्याच आहेत. पण आर्निंगने नवा भाग बनवला नाही. असलेला भाग कुठे बसवायचा एवढंच त्याने बदललं, आणि ते बदलण्याआधी गणित पूर्ण केलं.

आता एक घरचा अभ्यास. वरच्या उदाहरणात सांधा २.५ ऐवजी ५ सेंमी खाली घ्या आणि चाक १ ते ५ सेंमी वर नेत प्रत्येक सेंटीमीटरला कॅम्बर काढा. मग तेच चाक खाली, म्हणजे आतल्या बाजूच्या चाकासाठी करून बघा. दोन्ही आलेख एकाच कागदावर काढा. ‘जास्त खाली म्हणजे जास्त चांगलं’ हे कुठे खरं राहत नाही, ते तुम्हालाच दिसेल. उत्तरं कमेंटमध्ये लिहा, पुढच्या पोस्टमध्ये त्यावर बोलू.